पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधी येणारे प्रश्न

गोव्यात कोणी 'त्याने पोर्तुगीज केला' असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आहे आणि आता तो लंडनला, आयर्लंडला किंवा आणखी कुठे तरी जाणार आहे, एवढे सगळे त्या दोन शब्दांत येते. सासष्टी, बारदेश, तिसवाडी या तालुक्यांत असे एकही नातेवाईक नसलेले घर शोधावे लागेल. फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूच्या हिंदू कुटुंबांत हा विषय उशिरा आणि थोड्या दबक्या आवाजात आला, पण तो आला आहे. आमच्याकडे तो भाच्याने आणला. हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण झालेल्या या मुलाला युरोपात नोकरी करायची आहे आणि त्याच्या वर्गातल्या निम्म्या मित्रांची फाईल लिस्बनला गेलेली आहे. घरातल्या सर्वांनी लगेच 'कागद कोणते लागतात' हा प्रश्न विचारला. जुनी कागदपत्रे वाचण्याची मला सवय असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. कागद गोळा करता करता माझे मत असे झाले की यादी करण्याआधी घरात दुसराच प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे या साखळीत कोणाची सही लागणार आणि त्या सहीने त्याचे काय जाणार.

हा हक्क मुळात का आहे, हे पुष्कळ अर्जदारांनाही ठाऊक नसते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले, परंतु हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने ही गोष्ट मान्य केली नाही. लिस्बनच्या दृष्टीने 'एस्तादु दा इंदिया', म्हणजे पोर्तुगीज भारत, हा पोर्तुगालचाच भाग होता आणि तेथे जन्मलेले लोक पोर्तुगीज नागरिक होते. अंगोला, मोझांबिक आणि गिनीमधल्या बहुसंख्य आफ्रिकी लोकांना पोर्तुगीजांनी 'इंदिजेना' म्हणजे मूळ रहिवासी म्हणून नागरिकत्वाच्या बाहेर ठेवले होते. गोव्याला तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे येथला शेतकरीही कागदावर पूर्ण नागरिक होता. (कागदावर हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १९१० साली पोर्तुगाल प्रजासत्ताक होईपर्यंत हिंदूंना सरकारी नोकरीची दारे जवळजवळ बंदच होती.) पुढे एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या कराराने पोर्तुगालने या प्रदेशांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. प्रदेश गेला, पण तेथे जन्मलेल्या माणसांचे नागरिकत्व पोर्तुगीज कायद्याने सरसकट काढून घेतले नाही. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पोर्तुगीज आईचे किंवा वडिलांचे परदेशात जन्मलेले मूल स्वतःचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवून घेऊ शकते आणि तसे केल्यास ते जन्मापासूनच पोर्तुगीज मानले जाते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती, तिचे मूल, आणि त्या मुलाचे मूल, अशी साखळी या दोन गोष्टींच्या जोडणीतून तयार होते. कायदा धर्म विचारत नाही, पोर्तुगीज रक्त विचारत नाही. तो त्या काळातली जन्मनोंद विचारतो.

आता दुसरी बाजू. भारत सरकारने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली जाईल, असा तो आदेश होता. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. असे कळवणाऱ्यांमध्ये मोन्सेन्योर रेमेदियुश मोंतेरु नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवले, गोव्यात राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावरही ते येथेच राहिले, आणि परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. व्यापलेल्या प्रदेशातील नागरिकांना जीनिव्हा कराराचे संरक्षण असते, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. जन्मगावात राहणारा माणूस परका ठरला, तो त्याने स्वतः केलेल्या एका सहीमुळे. हे प्रकरण मी भाच्याला मुद्दाम वाचायला दिले.

कारण आजही सगळा पेच सहीपाशीच आहे. लिस्बनचा कायदा म्हणतो की तुम्ही जन्मापासून पोर्तुगीज होताच, आम्ही केवळ नोंद केली. दिल्लीचा कायदा म्हणतो की तुम्ही स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले. आपल्या राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम, दोन्हींचा रोख एकच आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारणारा भारतीय नागरिक राहत नाही. परकीय पासपोर्ट मिळवणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानण्याचा नियमही आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्येच वैध ठरवला. त्यामुळे पासपोर्ट हातात आला की वादाला जागा उरत नाही. वाद आहे तो त्याच्या आधीच्या पायरीवर. नुसता जन्म लिस्बनमध्ये नोंदवला, ओळखपत्र काढले नाही, पासपोर्ट काढला नाही, मग काय? गोव्यात या प्रश्नाने राजकारणही ढवळले आहे. २०१२ च्या विधानसभेत निवडून आलेल्या दोन आमदारांच्या जन्मनोंदी पोर्तुगालमध्ये असल्याचा आरोप झाला आणि जन्म नोंदवणे म्हणजे नागरिकत्व घेणे होते का, यावर वकिलांनी आणि वर्तमानपत्रांनी कित्येक महिने खल केला. 'नुसती नोंद करून ठेवूया, पुढचे पुढे बघू' असे घराघरांत सहज म्हटले जाते. पण जी नोंद जन्मापासूनचे नागरिकत्व सिद्ध करण्यासाठीच केली जाते, तिला निरुपद्रवी समजणे मला धोक्याचे वाटते. पासपोर्ट सगळ्यात शेवटी येतो आणि निर्णय त्याच्या बराच आधी झालेला असतो.

आमच्या साखळीत पहिला दुवा कोण, हे ठरवतानाच ते लक्षात आले. माझे वडील आणि आई दोघेही १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले. वडील आता नाहीत. आई आहे, मतदान करते, समाजसुरक्षा योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात आणि तिच्या नावावर फोंडा तालुक्यात थोडी बागायत आहे. भाच्याच्या मित्रांनी सांगितले की आजीची नोंद करा, आजी हयात असल्यामुळे सही मिळेल, काम झटपट होईल. काम झटपट झाले असतेही. पण नातवाच्या नोकरीसाठी आजीने स्वतःच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह का लावून घ्यायचे? आईला विचारले तर ती एका पायावर सही करील आणि म्हणूनच तिला विचारू नये, असे मी आणि बहिणीने ठरवले. १९६१ पूर्वी जन्मलेल्या मृत व्यक्तीचा जन्मही तिचे वंशज पोर्तुगालमध्ये नोंदवून घेऊ शकतात. गेलेल्या माणसाचे भारतीय नागरिकत्व कोणी काढून घेऊ शकत नाही. ज्यांच्या घरी हयात आणि दिवंगत अशा दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, त्यांनी दिवंगताची वाट आधी तपासावी, हे माझे स्पष्ट मत आहे, मग कागदांचे काम कितीही वाढो.

आणि ते वाढतेच. वडिलांची मूळ जन्मनोंद पोर्तुगीज काळातल्या वहीत आहे. गोव्यात नागरी नोंदणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सक्तीची झाली. त्यापूर्वीचे ख्रिश्चनांचे जन्म चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत सापडतात, हिंदूंसाठी शोध कठीण होतो. जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात किंवा तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात असतात. लिस्बनला आजचा छापील, दोन भाषांतला जन्मदाखला चालत नाही. मूळ नोंदीची शब्दशः नक्कल लागते. तिला गोव्यात सगळे 'तेओर' म्हणतात. आमच्या वहीचे पान उघडले तेव्हा वरच्या कोपऱ्यात नोंदीचा क्रमांक, मग अक्षरांत लिहिलेली तारीख आणि जन्माची वेळ, वाड्याचे नाव, आईवडिलांची नावे, व्यवसाय, चारही आजीआजोबांची नावे, शेवटी साक्षीदारांच्या सह्या, असे एका दमात लिहिलेले लांबलचक पोर्तुगीज वाक्य होते. माझ्या पणजोबांचे नाव मला प्रथम त्या पानावर कळले. डाव्या बाजूला रुंद समास सोडलेला असतो आणि त्यात पुढे त्या माणसाचा विवाह, मृत्यू किंवा नावातली दुरुस्ती नोंदवतात. वडिलांचा समास कोरा होता. लग्न झाले, नोंदले गेले, पण ते या पानावर कोणी चढवलेच नव्हते.

वडिलांच्या वाटेने जायचे तर लग्नाची ही नोंद फार महत्त्वाची ठरते. मातृत्व मुलाच्या जन्मनोंदीतून सिद्ध होते. पितृत्वासाठी लिस्बन आईवडिलांच्या विवाहाकडे पाहते आणि हे नाते मूल सज्ञान होण्याआधीच प्रस्थापित झालेले असावे लागते. म्हणून वडिलांच्या जन्मापाठोपाठ त्यांचे लग्नही पोर्तुगालमध्ये नोंदवावे लागते. येथे गोव्याच्या लोकांना एक फायदा आहे, तो मान्य केला पाहिजे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही येथे चालू राहिली, त्यामुळे लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारपुढे करण्याची पद्धत सर्व धर्मांत मुरलेली आहे. आधी इरादा जाहीर करणारी पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही, आणि त्यानंतर मांडवातले लग्न. महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाईकांना ही पहिली-दुसरी सही नेहमी गमतीची वाटते. परंतु त्यांच्यापैकी एका काकांना, ज्यांचे वडील गोव्यातून मुंबईला गिरगावात जाऊन राहिले होते, आजोबांच्या लग्नाचा एकही सरकारी कागद सापडला नाही आणि त्यांची साखळी तेथेच थांबली.

नावांचे प्रकरण मात्र सगळ्यांनाच छळते. पोर्तुगीज लिपिकाने कानाला जसे ऐकू आले तसे आपल्या वर्णमालेत लिहिले. त्यामुळे प्रभू हा 'पोरोबो' होतो, यशवंत 'एस्वोंता' होतो, रामचंद्र 'रामाचोंद्रा' होतो आणि नाईकच्या शेवटच्या अक्षरासाठी इंग्रजीतल्या 'के'ऐवजी तीन वेगळीच अक्षरे येतात. मुक्तीनंतर शाळा मराठी-इंग्रजी झाल्या, त्याच माणसाची नावे इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली आणि आता एका घरातले आजोबा, वडील आणि मुलगा तीन वेगवेगळी आडनावे घेऊन लिस्बनच्या टेबलावर पोहोचतात. पोर्तुगीज आणि इंग्रजी लेखनातला फरक तेथले अधिकारी पुष्कळदा समजून घेतात, कारण अशा फायली त्यांनी ढिगांनी पाहिल्या आहेत. त्यांना जे समजावणे कठीण जाते, ते म्हणजे आपल्याकडच्या बायकांचे बदललेले नाव. आडनाव बदलणे जगभर आहे. पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून माहेरची शांता सासरी सुनंदा होते, हे लिस्बनच्या लिपिकाला कोणत्या कलमाखाली सांगायचे? माझ्या आईचे लग्नाच्या नोंदीत माहेरचे नाव आहे आणि बहिणीच्या जन्मनोंदीत सासरचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र करता येते, परंतु त्यावर लिस्बन समाधान मानेलच असे नाही. मूळ नोंदच दुरुस्त करून आणा, असेही सांगितले जाते आणि त्यासाठी येथे न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत नाव घालायला नेणाऱ्या काकांनी गुरुजींना १ जून ही तारीख सांगितली आणि ती दाखल्यावरून निवृत्तिवेतनापर्यंत सगळीकडे गेली, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. वडिलांची खरी तारीख पावसाळ्यानंतरची आहे, हे आम्हाला त्या वहीमुळे कळले.

बाकीची प्रक्रिया कंटाळवाणी आहे, अवघड नाही. कागदांवर अपोस्टील (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) किंवा दूतावासाचे प्रमाणीकरण, पोर्तुगीज भाषांतर, मग लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात अर्ज, आणि मग वाट पाहणे. घटस्फोट झालेला असेल तर त्या निकालाला पोर्तुगीज अपील न्यायालयाची मान्यता घ्यावी लागते, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. एजंटांविषयी एवढेच म्हणेन की चांगला एजंट वह्यांची माहिती असलेला असतो, आणि 'नाव जुळत नसेल तर जुळवून देऊ' असे म्हणणाऱ्याच्या दारातून लगेच परत फिरावे.

साखळीचा दुसरा दुवा माझी बहीण. तिचा जन्म मुक्तीनंतरचा आहे, म्हणजे तिला पोर्तुगीज वडिलांचे अपत्य म्हणून स्वतःचा जन्म स्वतःच्या सहीने नोंदवावा लागेल, आणि मगच भाच्याला पोर्तुगीज आईचा मुलगा म्हणून अर्ज करता येईल. ती सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. भारतीय नागरिकत्व गेले तर ही नोकरी राहणार नाही, हे सांगायला वकील लागत नाही. गोव्यातल्या पुष्कळ घरांत मधल्या पिढीची हीच अवस्था असते: वरची पिढी निवृत्त किंवा दिवंगत, खालची जाण्याच्या घाईत, आणि मधली नोकरी, पंचायत, शेतजमीन यांत पूर्ण गुंतलेली. पासपोर्ट मिळणाऱ्या मुलाचे फोटो सगळे पाहतात. त्याच्यासाठी मधल्या आईने काय सोडले, याची चर्चा होत नाही.

'ओसीआय कार्ड आहे की' हे उत्तर लगेच येते. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', परकीय नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते कार्ड. आहे, आणि त्याची व्याख्या करताना कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील लोकांचा वेगळा उल्लेखही केलेला आहे. २०१७ च्या जानेवारीत पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोस्ता, ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे, भारतात आले तेव्हा त्यांना हेच कार्ड देण्यात आले. पंतप्रधानाला ते शोभून दिसते. सामान्य माणसाने त्यात काय नाही ते पाहावे. मत नाही. पंचायतीपासून लोकसभेपर्यंत उमेदवारी नाही. सरकारी नोकरी नाही. शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही, आणि बागायतीवर जगणाऱ्या आमच्या भागात ही बारीक गोष्ट नव्हे. २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय प्रवेशासारख्या ठिकाणी ओसीआयधारक मुले अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतीच पात्र ठरतात, हे लहान मुलांचे पालक क्वचितच लक्षात घेतात. शिवाय ओसीआयसाठी आधी भारतीय पासपोर्ट रीतसर परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावे लागते. ज्यांनी पोर्तुगीज नोंदीनंतरही भारतीय पासपोर्ट वापरला आणि ज्यांचा तो पासपोर्ट कार्यालयाने रद्द केला, त्यांचे ओसीआय अडकले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण गोव्यात दुहेरी नागरिकत्व आणि हे अडकलेले अर्ज हा चांगलाच तापलेला विषय होता. नागरिकत्व विधिवत सोडण्याची घोषणा करणाऱ्यांनी आणखी एक तरतूद वाचावी: त्यांच्या अज्ञान मुलांचेही भारतीय नागरिकत्व त्याबरोबर जाते आणि सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज करून ती ते परत मागू शकतात.

आमच्या बाजूच्या घरांत या विषयाला आणखी एक काटा आहे. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेला गेलेल्यांची, आग्वादच्या तुरुंगात राहिलेल्यांची नावे येथे अजून घेतली जातात. मोहन रानडे हे सांगलीकडचे मराठी शिक्षक, गोव्यात येऊन शिकवू लागले, लढ्यात पडले, १९५५ मध्ये पकडले गेले आणि मुक्तीनंतरही लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात १९६९ पर्यंत राहिले. त्या लिस्बनला अर्ज करायचा, हे आमच्या एका वृद्ध काकांना सहन होत नाही आणि त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही. तरीही अर्ज करणाऱ्या मुलांना देशद्रोही म्हणणारी भाषणे ऐकली की मला राग येतो. ही मुले लिस्बनच्या प्रेमाने जात नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी लिस्बन पाहिलेलेही नसते. ती स्विंडनच्या गोदामांत, साउथॉलच्या दुकानांत, वृद्धाश्रमांत आणि विमानतळांवर राबायला गेली. दमण-दीवची गुजराती बोलणारी कुटुंबे त्याच पासपोर्टवर लेस्टरमध्ये स्थिरावली. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली: २०२० च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला आणि आता नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये काम करायचे तर व्हिसा लागतो. म्हणून ओढा आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स यांच्याकडे वळला आहे. एवढ्या मोठ्या संख्येने तरुण का जातात, याचे उत्तर येथल्या पगारात आणि घरांच्या किमतीत शोधावे.

भाच्यासाठी एक तिसरी वाट कायद्यात आहे, आणि तिच्याविषयी गोव्यात पुरेसे बोलले जात नाही. पोर्तुगीज नागरिकाचे नातवंड, मधल्या पिढीने नोंद केलेली नसली तरी, स्वतः अर्ज करू शकते. मात्र पोर्तुगालशी खरा संबंध दाखवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसणे या मुख्य अटी आहेत. एजंट ही वाट सुचवत नाहीत, कारण भाषा शिकायला वेळ लागतो आणि आईची सही मिळवायला लागत नाही. पण या वाटेने वडिलांची नोंद होईल, बहिणीला काहीही करावे लागणार नाही, आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्या एकट्याच्या सहीवर राहील. त्याने आपले भारतीय नागरिकत्व सोडायचे की नाही, हे एकविसाव्या वर्षी तो ठरवू शकतो. आईच्या नोकरीचे त्याने ठरवू नये.

भाच्याला हे पटायला वेळ लागला, कारण वर्गातला प्रत्येक जण 'मम्मीची सही घे' एवढेच सांगत होता. बहिणीने शेवटी त्याला सरळ सांगितले की निवृत्तीनंतर विचार करीन, त्याआधी नाही. तोवर थांबायचे नसेल तर पोर्तुगीज शीक. पणजीत भाषेचे वर्ग आहेत, शाळेत त्याने तिसरी भाषा म्हणून थोडी पोर्तुगीज घेतलेलीही होती. त्याने नाव घातले आहे. वडिलांच्या नोंदीसाठी लग्नाची नोंद त्या कोऱ्या समासात चढवून घेण्याचा अर्ज मी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दिला आहे, आणि आईच्या दोन नावांचा प्रश्न प्रतिज्ञापत्राने सुटतो की न्यायालयात जावे लागते, हे वकिलांकडून लेखी आल्याशिवाय एकही कागद लिस्बनला पाठवायचा नाही, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे.